सुंदराबाईने हात खाली घेतला

सुंदराबाई मला पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी. डोक्यावर टोपले, आणि एक हात मागे, तळवा माझ्याकडे करून वर धरलेला. थांबा, असे तो हात सांगत होता.

१९५८ सालचा श्रावण. जांभूळखेडच्या शाळेवर मी उन्हाळ्यातच बदलून आलो होतो. गाव अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला. गाव आणि अकोट यांच्या मध्ये काळी जमीन एकाएकी संपते आणि एक लांबट, मुरमाड उंचवटा लागतो. त्याला बरड म्हणतात. तिथे पेरलेले काही येत नाही, म्हणून कोणी पेरत नाही. पावसाळ्यात मात्र कमरेएवढे गवत उभे राहते, मधूनमधून हिवराची आणि बोरीची झाडे. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी तिकडे फिरायला निघालो होतो. गावात या गोष्टीची चर्चा होई. नुसतेच चालायला जाणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. "मास्तरचं काई हारपलं का बरडावर?" असे मला दोघातिघांनी विचारून झाले होते.

तो वर केलेला हात पाहून मला वाटले, वाटेवर साप असेल. मी जागच्या जागी उभा राहिलो. आणि समोरच्या गवतातून एक काळा पक्षी कोणी खालून ढकलल्यासारखा सरळ वर उडाला. माणसापेक्षा उंच. क्षणभर पंख फडफडवत हवेत टांगून राहिला, डोक्यामागे तुऱ्याची बारीक पिसे, पंखांवर पांढरा पट्टा, खाली लोंबणारे लांब पाय. टर्रर्र असा बेडकासारखा आवाज आला, आणि तो होता तिथेच खाली पडला. गवत मिटले. मी आयुष्यात असे काही पाहिले नव्हते.

"पायलं का?" ती बाई मान न वळवता म्हणाली.

"काय होतं ते?"

"तनमोर. हालू नोका, अजून उडते."

आणि तो उडाला. पुन्हा, आणि पुन्हा. आम्ही दोघे अनोळखी माणसे त्या ओल्या गवतात खांबासारखी उभी होतो. बऱ्याच वेळाने मी विचारले, "हा असा उड्या का मारतो?"

"गवत उंच झालं ना जी. कोन येऊन राह्यलं ते पायते."

पुढे अकोटच्या वाचनालयात एका पुस्तकात मला कळले की मादीला दिसावे म्हणून तणमोराचा नर असा उडतो. मी ते तिला सांगितले. "मंग तेच तं," ती म्हणाली. "बायको येऊन राह्यली का नाई ते पायते."

सुंदराबाईचा धंदा अंड्यांचा होता. स्वतःच्या पाळलेल्या कोंबड्या होत्याच, शिवाय गावातल्या घराघरांतून ती अंडी गोळा करी. उन्हासमोर अंडे धरून, मुठीच्या नळीतून एक डोळा मिटून पाही आणि नासके असेल तर न बोलता परत देई. बाजाराच्या दिवशी टोपल्यात कुटार, म्हणजे भुसा, घालून त्यात अंडी रचायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपले, आणि बरडावरून पायी अकोट. त्या टोपल्यामुळे तिची चाल घडली होती. मान हलवायची नाही, घाई करायची नाही. एखादी गोष्ट पाहायची असेल तर ती मान वळवत नसे, थांबून अख्खी वळे. आणि टोपले खाली ठेवायची सोय नव्हती, कारण बरडावर ते पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरे माणूस कुठून येणार? म्हणून चंडोल असो, लावे असोत, बिळाशी बसलेले खोकड असो, तिने सगळे पाहिले ते उभ्याने, डोक्यावर अंडी घेऊन. इतक्या सावकाश चालणाऱ्या माणसाला पाहून जनावरेही फारशी बिचकत नसत.

तिचा नवरा पुंजाजी. कापसाच्या हंगामात तो अकोटच्या जिनिंगमध्ये कामाला जाई. हंगाम संपला की मिळेल ते काम, नाहीतर घरी. कमी बोलणारा, उंच, हाडकुळा माणूस. सन छप्पनमध्ये दोघे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. जाण्याआधी घरात एक काळा कोंबडा मरीमायच्या नावाने राखलेला होता. परत आल्यावर त्याचे काय करायचे हा प्रश्न पडला. मरीमायला द्यायचा नव्हता. देवीच्या नावाचा म्हणून आजवर जपला, तर आता कापून खाणेही सुंदराबाईच्या मनाला येईना. "देव सोडला, कोंबडा राह्यला," असे पुंजाजी म्हणे. तो कोंबडा मग निवांत जगला, लठ्ठ झाला, भांडखोर झाला, आणि शाळेच्या ओट्यावर येऊन मुलांच्या शिदोऱ्या उधळू लागला. गावाने त्याचे नाव पेन्शनर ठेवले.

त्या पहिल्या भेटीनंतर माझे रविवारचे फिरणे सुंदराबाईच्या सल्ल्याने होऊ लागले. माझी पत्नी लीलाबाई हीही यायची. बाजार नसला तरी सुंदराबाई कधी कधी रिकाम्या डोक्याने आमच्याबरोबर येई. तेव्हाही ती तशीच, मान ताठ ठेवून, अख्खी वळून पाही. लीलाबाईला हसू आवरत नसे. "अहो सुंदराबाई, आज टोपलं नाही डोक्यावर."

"असू द्या जी. मानीले कोन सांगनार?"

टिटवीला ती भांडखोर सासू म्हणे. घोरपडीला उगाच घाबरे. हरणांचा कळप दिसला की मात्र तिला बोलल्याशिवाय राहवत नसे, आणि ती बोलली की कळप पळे, मग ती आम्हालाच रागवे. तणमोरावर तिचा हक्क होता. ज्येष्ठ सरता सरता ती रोज विचारात असे की यंदा आला की नाही. पहिली उडी दिसली की बाजारातून परतताना शाळेच्या खिडकीशी येऊन, टोपले सांभाळत, एवढेच म्हणे, "आला जी." मी फळ्यावर अर्धवट लिहिलेले तसेच सोडून बाहेर येत असे. वर्गालाही माहीत झाले होते. मुले आपोआप ओरडत, "तनमोर आला."

अशी पाच वर्षे गेली. १९६३ च्या आषाढात गावात नवी बातमी आली. अकोल्याचे एक शेठ जांभूळखेडला मोठे कुक्कुटपालन केंद्र काढणार होते. पाच हजार कोंबड्या. एवढ्या कोंबड्या एका जागी असू शकतात ही कल्पनाच गावाला पेलेना. सरपंच खुशालराव हे काळ्या जमिनीचे मोठे कास्तकार, हौशी माणूस. त्यांनी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बोलावली. पंचायत समितीकडून एक अधिकारी समजावून सांगायला आले. तरुण, गोल चष्म्याचे, बोलताना हात उडवणारे. त्यांना गावाने त्याच दिवशी कोंबडीसाहेब केले. त्यांनी तारेच्या पिंजऱ्यात एक पांढरी विलायती कोंबडी आणली होती. साबणासारखी पांढरी, तुरा लालभडक. मुले पिंजऱ्याला चिकटली. पेन्शनर कुठून तरी आला, पिंजऱ्याभोवती एक पंख जमिनीला घासत गोल गोल फिरू लागला, आणि सभा सुरू होण्याआधीच हशात बुडाली.

साहेब उत्साहाने बोलले. लांबलचक पत्र्याच्या पडव्या, खाली भुशाचे अंथरूण, तोंडासमोर दाणा, तोंडासमोर पाणी. गावठी कोंबडीपेक्षा तिप्पट अंडी. गावाला काम, पंचायतीला भाडे. शेठनी गावातला चौकीदारही ठरवला होता. जिनिंगमधून चौकशी करून त्यांनी पुंजाजीचे नाव काढले होते. बारा महिन्यांची नोकरी.

सुंदराबाई बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसली होती. तिच्या डोळ्यांतले तेज मी आजही विसरलो नाही. कोंबडी ही तिची विद्या, आणि त्या विद्येवर सरकारचा माणूस सभेत बोलत होता.

"साहेब, हातात घिऊ का?" तिने विचारले.

साहेबांनी कोंबडी काढून दिली. तिने ती उचलून वजन पाहिले, पंखाखाली बोटे घातली, पायाची नखे पाहिली. "कापसावानी हाय बाई," ती म्हणाली. "अन् गरम किती."

"तर मंडळी," खुशालराव म्हणाले, "ज्याइले मंजूर त्यानं हात वर करा."

सगळ्यांच्या आधी सुंदराबाईचा हात वर गेला. एका हातात कोंबडी, दुसरा हात आभाळाकडे. मागोमाग इतरांचे. नत्थुजी नावाचे एक म्हातारे शेतकरी होते, त्यांनी हात वर करता करता विचारले, "जागा कोनती हाय पन?"

"बरड," खुशालराव म्हणाले. "पडीतच हाय. त्याच्यावर काय होते?"

सुंदराबाईचा हात अजून वरच होता. तिने त्याच्याकडे मान वर करून पाहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. ग्रामसेवकाने हात मोजले आणि लिहून घेतले.

पुढच्या रविवारी ती आमच्याबरोबर बरडावर आली. तणमोर दोनदा उडाला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, वर केलेला हात खाली घेता येते का?"

"मला नाही माहीत, सुंदराबाई."

"पंचात केलता. साऱ्याईच्या आदी." मग ती म्हणाली, "मले वाटलं कुठी तरी गावापाशी बांधतीन. घराच्या मांगं आपन खुराडं बांधतो तसं. मोठं खुराडं."

घरी तर दुसरीच गोष्ट चालली होती. पुंजाजी कधी नव्हे तो खुशीत होता. त्याने शेठकडून मिळणाऱ्या बॅटरीचे सेल किती दिवस टिकतात याची चौकशी करून ठेवली होती. सुंदराबाईने एकदा विषय काढला, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "तुह्या पाखराले गवत पाह्यजे. मले नौकरी नोको का?" हे तिने लीलाबाईला सांगितले आणि वर म्हणाली, "त्याहीचं खोटं नाई." पण बाजाराला जाताना ती आता बरडावर जास्त वेळ उभी राहू लागली. अंडी उशिरा पोचत, आणि बाजारातल्या बायका तिला टाकून बोलत.

श्रावणात जमीन आखायला माणसे आली. गवत कापून सरळ पट्टे काढले, पट्ट्यांवर चुना टाकला. गवत कापायला गावातल्याच बायका रोजाने होत्या. त्यातली माणिकबाई तिसऱ्या प्रहरी पदरात काहीतरी सांभाळत सुंदराबाईच्या दारात आली.

"सुंदरे, तुह्यी कोंबडी बरडावर अंडे घालाले जाते का वं?"

पदरात तीन अंडी होती. हिरवट तपकिरी, तुळतुळीत. विळा आडवा गेला, एक भुरी मादी पायाखालून उडाली आणि मागे हे दिसले. भोवतीचे गवत कापून झाले होते, कावळे घिरट्या घालत होते, म्हणून तिने उचलून आणली. सुंदराबाईने मुठीची नळी करून उन्हाकडे धरली. दोन अंड्यांत जीव होता. तिसऱ्याचे सांगता येईना.

तिच्या घरी त्या वेळी एक ठिपक्यांची कोंबडी खुडूक होती, म्हणजे अंडी उबवायला बसायची तिला ओढ लागली होती. सुंदराबाईने तिच्याखालची गावठी अंडी काढली आणि ती तीन सरकवली. कोंबडीने चोचीने त्यांना उलटसुलट केले, एकदा सुंदराबाईकडे पाहिले, आणि पोट पसरून बसली.

दुसऱ्या दिवसापासून जांभूळखेडला दुसरा विषय राहिला नाही. कोण म्हणे मोर निघेल, कोण म्हणे काहीच निघणार नाही. खुशालरावांच्या वाड्यातून रोज गडी विचारायला येई. सुंदराबाई कोंबडीच्या टोपल्याच्या तोंडावर गोणपाट टाकून बसे आणि आलेल्या प्रत्येकाला म्हणे, "हळू बोला, तिले झोप लागली." मी शाळेतून येता-जाता डोकावत असे, आणि खरे सांगायचे तर मुलांपेक्षा मलाच जास्त घाई झाली होती.

पिल्ले निघाली ती नेमकी पोळ्याच्या दिवशी. बैल सजवून गावाबाहेरच्या आखरावर उभे होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. वाजंत्री सुरू होती. एवढ्यात कोणीतरी धावत आले, "फुटलं, फुटलं." तोरणाखालची निम्मी माणसे बैल सोडून सुंदराबाईच्या घराकडे पळाली. बैल आपापले चरायला निघाले आणि पोळा फुटायच्या आधीच फुटला. खुशालराव चिडले, मग तेही आले. दोन पिल्ले होती. वाळलेल्या गवताच्या रंगाची, अंगावर काळ्या रेघा, पाय अंगाच्या मानाने भलतेच लांब. तिसरे अंडे फुटले नाही. त्या संध्याकाळी झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणताना नत्थुजींनी ताजी जोडलेली ओळ ठोकली, "बाप उडते बरडावर, माय बसली टोपल्यात," आणि ढोल एवढ्या जोरात वाजला की आमच्या घराच्या पत्र्यांना कंप सुटला.

पिल्लांचे वागणे पाहून ठिपक्यांची कोंबडी चक्रावली. तिने कण्या टिपून दाखवल्या, ती ढुंकून पाहीनात. तिने धोक्याचा आवाज काढला की कोंबडीची पिल्ले आईकडे धावतात. ही जागच्या जागी जमिनीला चिकटून मातीसारखी होत. कोंबडी त्यांच्या अंगावरून इकडून तिकडे शोधत फिरे. मग शाळेतली सगळी मुले नाकतोडे पकडायला लागली. मधल्या सुट्टीत पटांगण रिकामे असे. काही दिवसांनी सुंदराबाई कोंबडीला आणि पिल्लांना टोपल्यात घालून बरडावर न्यायला लागली. न कापलेल्या गवतात सोडायची, आपण बाजूला बसायचे, सांजेला परत आणायचे. गावाने तिला तणमोराची ढोरकीण, म्हणजे गुराखीण, म्हणायला सुरुवात केली.

भाद्रपदात कोंबडीसाहेब शेवटची पाहणी करायला आले. कागद तयार होते, संध्याकाळी ग्रामसभेत शेवटचा ठराव व्हायचा होता. पिल्लांची बातमी त्यांना अकोटच्या एस.टी. स्टँडवरच कळली होती. ते सरळ सुंदराबाईच्या घरी आले, बूट न काढता अंगणात उकिडवे बसले आणि पाहत राहिले. "मी शिकताना पुष्कळ अंडी उबवली," ते मला म्हणाले. "पण हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं." त्यांनी सुंदराबाईला कोंबडी किती वेळ उठते, पाणी कसे पाजले, सगळे विचारले. तिनेही हातचे न राखता सांगितले. कोंबड्यांवर प्रेम करणारी दोन माणसे ती, त्यांची गट्टी जमली. मग पिल्ले, ठिपक्यांची कोंबडी, उकिरड्यावरचा पेन्शनर आणि शेजारच्या कोंबड्या असे सगळे एकत्र चरताना पाहून साहेब हळूहळू गप्प झाले.

सभेत ते उभे राहिले. शेठचा माणूस बाजूला बसला होता. साहेबांना गप्प राहता आले असते, पण ते राहिले नाहीत.

"एक अट मी मागे नीट सांगितली नव्हती," ते म्हणाले. "मानमोडीचा रोग तुम्हाला माहीत आहे. रानातल्या पाखरांकडून गावठी कोंबड्यांना आणि गावठीकडून आमच्यांना, असा तो येऊ शकतो. पाच हजार आठवड्यात झोपतील. त्यामुळे केंद्राच्या कोसभर परिसरात गावठी कोंबडी ठेवता येणार नाही."

सभा हसली. त्यांना वाटले, साहेब थट्टा करताहेत.

"मंग आमी कोंबड्या ठेवाच्या कुठी?" नत्थुजींनी विचारले.

"ठेवायच्या नाहीत. अंडी केंद्रातून स्वस्त मिळतील."

खुशालराव सावरून बसले. "साहेब, कोंबडा तं भेटन ना तठी? आखाडात माहे तिन्ही जावाई येतेत."

"कोंबडे नसतात तिथे. फक्त माद्या."

"एकबी नाई?"

"एकही नाही."

"मंग सकाई आरवते कोन?" मागून कोणीतरी विचारले, आणि पुन्हा हशा.

माणिकबाईने पदर सावरला. "कोंबडा नाई, तं त्या अंड्यातून पिल्लू?"

"निघत नाही. ती नुसती खायची अंडी."

"अन् त्या कोंबड्या खुडूक बसतीन तवा?" हे सुंदराबाईने विचारले. आवाज बारीक होता.

साहेबांनी तिच्याकडे पाहिले. "बसत नाहीत, बाई. त्या जातीतून ती सवय काढून टाकलेली आहे."

सुंदराबाईने आपल्या हातांकडे पाहिले. मग उठून उभी राहिली.

"सरपंचसाहेब, त्या दिशी मी हात पयला वर केलता. मले तो खाली घ्याचा हाय."

ग्रामसेवकाने डोके वर केले. "तशी तरतूद नाही, बाई."

"नसन. पन हात माहा हाय ना?"

"मंग आता इरोधात वर कर," खुशालराव म्हणाले. त्यांचे मन अजून जावयांपाशीच होते.

"हात नाई करत जी. एकडाव करून फसली. मी उभी राह्यते." आणि तिने शांतपणे पुढे म्हटले, "बरडावर तनमोर हाय. त्याले ते गवतच पाह्यजे, दुसरं चालत नाई. साहेबाच्या कोंबड्याइले कुठीबी चालते, त्याइले काई दिसतच नाई बाहेरचं. मले एवढंच सांगाचं व्हतं."

माणिकबाई उभी राहिली. तिच्यामागे बायका. मग नत्थुजी, काठीवर जोर देत. पुरुषांच्या रांगा एकेक करून उठू लागल्या. ते सगळे तणमोरासाठी उठले असे मी म्हणणार नाही. बरेचसे आपल्या खुराड्यासाठी उठले, काही आखाडातल्या रश्शासाठी, आणि काही इतर उठले म्हणून. तणमोरासाठी नक्की उठलेली एकच होती. पण उठले. शेवटी खुशालराव स्वतः उठले तेव्हा शेठच्या माणसाने कागदांची पिशवी बंद केली.

पटांगणात पुंजाजी एकटा बसलेला राहिला. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. सुंदराबाईने तिकडे पाहिले नाही. ती अख्खी वळल्याशिवाय पाहू शकत नसे, आणि ती वळली नाही. पुंजाजीने एक पाय पसरला, चोळला, मग दुसरा. मग गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उभा राहिला.

"बसून बसून पाय आखडले," तो म्हणाला.

त्या दिवशी सभा संपली तरी घरी कोणी जाईना. साहेबही रेंगाळले. जाताना त्यांनी सुंदराबाईला नमस्कार केला आणि पिल्लांना पंख फुटले की मला पत्र टाका, असे मला सांगितले.

ते केंद्र पुढे बाळापूरकडे कुठे तरी झाले. तिथल्या माळावर आधी काय उडत होते ते मला माहीत नाही, हे मनात येते. आमच्या दोन पिल्लांतले एक घारीने नेले. दुसरे दिवाळीच्या सुमाराला एका संध्याकाळी टोपल्याकडे परत आले नाही. ठिपक्यांची कोंबडी अंधार पडेस्तोवर गवतात हाका मारत राहिली आणि सुंदराबाईने तिला काखेत घालून घरी आणले. पुंजाजीने पुढे कितीतरी दिवस बॅटरीचा विषय काढला. अगदी परवापर्यंत काढत होता. पण दुसऱ्या श्रावणात वाटेच्या अगदी जवळ एक काळा तणमोर उडाला तेव्हा सुंदराबाईबरोबर तोही होता, आणि मीही.

"आपला हाय," सुंदराबाई म्हणाली.

"कशावरून, सुंदराबाई? तो नर होता की मादी हेही आपल्याला कळलं नव्हतं."

"पाहा ना जी. पेन्शनरसारखा उडते."

पुंजाजीने तो पुन्हा उडेपर्यंत वाट पाहिली. "हाव," तो म्हणाला, "तसाच भांडकुदळ दिसते."

मी निवृत्त होऊन आता अकोटला राहतो. गावापर्यंत एस.टी. सुरू झाली आहे, आणि बाजारात पांढरी अंडी आली आहेत. सुंदराबाईच्या टोपल्यात अंडी पूर्वीच्या निम्मीही नसतात. तिचे गुडघे दुखतात, म्हणून बाजाराहून परत जाताना पुंजाजी तिला गाडीत बसवून गावापर्यंतचे तिकीट काढून देतो. ती बरडाच्या अलीकडच्या फाट्यावर उतरते आणि तिथून बरडावरून पायी जाते.